पहिली फेरी

आमच्या शेजारचे पीटीचे सर चिडले की प्रत्येक वाक्य दोनदा बोलत. त्यांचा विद्यार्थी परदेशातल्या सांघिक सायकल शर्यतीत पदक जिंकून आला, म्हणून रत्नागिरीत सत्कार ठेवला होता. तिघांच्या संघात पहिली फेरी ओढणारा तो. एक फेरी सगळा वारा अंगावर घेऊन बाजूला व्हायचं, उरलेलं अंतर मागच्यांनी कापायचं.

अध्यक्ष म्हणाले, "एकाच फेरीत दमला, तरी पदक आणलंन!" सभागृह हसलं.

सरांनी माईक हिसकावला. "दमला नाय तो! दमला नाय! वारा त्याने खाल्लान, म्हणून मागचे पोचले. माफी मागा! माफी मागा!"

अध्यक्ष गोरेमोरे झाले. विद्यार्थी पुटपुटला, "सर, राहू दे. मला असं ऐकून घ्यायची सवय आहे."

सर गर्रकन वळले, पण या वेळी एकदाच बोलले. "सवय? ही सवय कोणी लावलीन तुला?"