खरंच लागते का?

"मले फक्त एक सांग, खरंच लागते का?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की अजूनही दुकानाच्या दारात कोणी नुसतं खाकरलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते. काका दारात उभे राहायचे ते एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून. आत या म्हटलं तर येत नसत. "आत आलो का तू काहीतरी इकशील," असं म्हणायचे. चहा मात्र त्याच अवस्थेत, बशीत ओतून, फुंकर मारत सावकाश प्यायचे. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून आत येत.

मेहकरला बसस्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काका आमच्याच गल्लीतले. शेती जानेफळला होती, त्यात कांद्याचं बी आणि भाजीपाला. सकाळच्या बसने शेतात जायचे आणि दुपार कलली की परत यायचे. स्टँडवरून घरी जाताना माझं दुकान वाटेत पडे, हे माझं प्राक्तन. माणूस सरळ. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण कोणतीही गोष्ट दहा जणांना विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. असा एक तुमच्याही गल्लीत असेल. डॉक्टरने दिलेली गोळी ते दुसऱ्या डॉक्टरला दाखवत, मग मेडिकलवाल्याला, मग बसमध्ये शेजारी बसलेल्याला, आणि शेवटी हळद-दूध पिऊन झोपत.

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली कॉम्प्युटरचं शिकायला लागली तेव्हा त्यांना घरी मशीन घ्यावं लागलं. घ्यावं की न घ्यावं हे विचारण्यात अख्खा पावसाळा गेला. दिवाळीला मी एकदाचं जोडून दिलं. त्यात थोडे दिवस फुकट चालणारा अँटिव्हायरस टाकून दिला, आणि तीच माझी चूक झाली. मुदत संपल्यावर रोज मशीन सुरू केलं की कोपऱ्यात लाल खिडकी यायची, तुमचा संगणक धोक्यात आहे म्हणून. वैशाली ती बंद करून आपल्या कामाला लागायची. काका मात्र ती अक्षर अक्षर लावून वाचायचे आणि दुपारी माझ्या पायरीवर हजर.

"काऊन बे, धोका आहे म्हणते ते. खरंच लागते का?"

मी सुरुवातीला फार मन लावून समजावलं. त्यांच्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. म्हटलं, "काका, मशीनमध्ये बाहेरून काही येतच नसेल तर नाही लागत. येत असेल तर लागतो. आणि लावला तर तो ताजा ठेवावा लागतो. नवे व्हायरस रोज निघतात, जुन्या औषधाला ते दाद देत नाहीत."

"म्हणजे लागते का नाही लागत?"

"तुमच्या घरात सध्या नाही लागत."

काका समाधानाने गेले. दुसऱ्या दिवशी परत. "तो बँकेतला पोरगा म्हणे लागतेच." तिसऱ्या दिवशी, "बुलढाण्याच्या गाडीत एक प्रोफेसर भेटले. ते म्हणे हे व्हायरस कंपन्याच सोडतात, औषध खपवाले. खरं हाय का?" मी कळफलक साफ करत होतो, मान वर केली नाही. काका माझ्या मान वर करण्याची वाट पाहत चहा संपवून गेले.

त्या काळात गावात पेन ड्राइव्ह नवेच आले होते. गल्लीतली पोरं गाणी आणि लग्नाचे फोटो घेऊन या घरून त्या घरी फिरत. एकाच्या मशीनला व्हायरस लागला की आठवड्यात सगळ्या गल्लीला लागायचा, जसे डोळे येतात तसं. काकांच्या मशीनमधल्या सगळ्या फाइली एक दिवस दिसेनाशा झाल्या. वैशालीचा वर्षभराचा अभ्यास त्यात होता. ती रडकुंडीला आलेली. मी जाऊन पाहिलं तर सगळं जागेवरच होतं, व्हायरसने फक्त लपवून ठेवलेलं. काढून दिलं.

"आता लागते का, ते सांग."

"आता लागतो."

"परवा तं तू नाही म्हणत होता."

"परवा तुमच्याकडे पेन ड्राइव्ह येत नव्हता."

"तो आजही माहा नाही. शेजारच्याचा हाय." एवढं बोलून काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो शेजारी.

यानंतर त्यांनी माझ्याकडून अँटिव्हायरस घ्यावा, अशी तुमची अपेक्षा असेल. माझीही होती. त्यांनी बँकेतल्या पोराकडून एक टाकून घेतला आणि त्याचा भरवसा वाटेना म्हणून प्रोफेसरांनी दिलेल्या सीडीतून दुसरा टाकून घेतला. दोघे एकमेकांनाच चोर समजून धरू लागले. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागे की काका बटण दाबून दारच्या म्हशीची धार काढायला बसत, आणि धार काढून आले तरी पडद्यावर काही आलेलं नसे. मी दोन्ही काढून टाकले आणि दुकान बंद करून घरी गेलो तो जेवलोही नाही, इतका वैतागलो होतो.

आता खरी गोष्ट सांगतो.

वैशालीचं शिक्षण संपलं आणि बुलढाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा एका खासगी कॉलेजात नोकरीला होता. दोन्ही घरं एकमेकांना आवडली. पाहण्याच्या दिवशी मीही होतो. मुलगा मोकळा वाटला. जाताना त्याने काकूंना, म्हणजे वैशालीच्या आईला, वाकून नमस्कार केला तेव्हा वैशाली स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. तिचा चेहरा पाहिला असता तर कोणालाही काही विचारायची गरज पडली नसती.

काकांनी तो पाहिला नाही. ते बुलढाण्याला जाऊ लागले. मुलाच्या गल्लीतल्या किराणावाल्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, त्याच्या कॉलेजच्या शिपायाला विचारलं. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. चांगलंच सांगतात म्हणजे काहीतरी असेल, म्हणून पुन्हा गेले. मलाही विचारलं. "पोरगा कसा वाटते तुले? म्हणजे एकदम खरं सांग."

"काका, चांगला आहे. आता हो म्हणून टाका."

"हाव, म्हणतो ना. फक्त त्याच्या जुन्या घरमालकाले भेटून येतो."

मी हात जोडले. त्यांनी ते नमस्कार समजून उलट नमस्कार केला.

व्हायचं ते झालं. मुलाच्या मामांना न्हाव्याकडूनच कळलं. ज्या दिवशी निरोप आला त्या दिवशी मी काकांच्याच घरी टेबलाखाली शिरून वायर बदलत होतो. फोन काकूंनी घेतला. त्या नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिल्या आणि फोन ठेवून भिंतीला टेकल्या.

"काय म्हणे?" काकांनी विचारलं.

"आमच्या पोराची धिंड काढली म्हणे तुम्ही गावातून. नको म्हणाले."

काका म्हणाले, "चौकशी केली तं काय बिघडलं? लोकं करतातच. बरं झालं, असे रागीट सोयरे..."

"बाबा." वैशाली कुठून आली ते मला दिसलं नाही, मला फक्त तिची पावलं दिसत होती. आवाज चढलेला नव्हता. "अख्ख्या बुलढाण्याले इचारलं तुम्ही. मले इचारलं का एकदा?"

काकांची पावलं जागची हलली नाहीत. तिची आत निघून गेली. टेबलाखालून बाहेर कसं यावं हे मला कळेना. आलो तेव्हा काका हातात टॉवेल घेऊन उभे होते आणि त्याची घडी घालत होते, उलगडत होते.

वैशाली पुण्याला नोकरीला गेली. घरी फोन करायची तो आईच्या मोबाइलवर. काका जवळ असले की काकू मोबाइल पुढे करायच्या, आणि तिकडून फोन कट व्हायचा. हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी सांगितलं नाही. ते पायरीवर येत, चहा पीत, कांद्याच्या भावाबद्दल बोलत. तब्येतीबद्दलही कोणाला काही विचारेनासे झाले. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मला त्याचाही राग यायचा, की आता हा माणूस बोलत का नाही.

मग गल्लीत इंटरनेटची तार आली. आईचा चेहरा पाहावासा वाटतो म्हणून वैशालीने घरच्या मशीनला कॅमेरा लावून घ्यायला सांगितलं. त्या दुपारी काका आले ते थेट पायरी चढून आत, माझ्या टेबलापर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"कॅमेरा लाव. तार जोड. आन् तो अँटिव्हायरस टाकून दे, चांगल्यातला."

माझ्या तोंडून गेलंच, "काका, तसं पाहिलं तर एवढ्यासाठी भारीतला कशाला, साधाही..."

"मी इचारलं का तुले?"

मी सामानाची यादी लिहायला घेतली.

"चालू राह्यलं पाह्यजे मशीन. तिची माय बोलणार हाय त्याच्यावर. बस."

अँटिव्हायरस मी टाकला आणि दर महिन्याला जाऊन ताजा झाला की नाही ते पाहून येत राहिलो. रविवारी काकू मशीनसमोर बसत आणि काका अंगणात बी वाळवायला घेत. वाळलेलंच बी पुन्हा पसरत. खिडकी उघडी असायची. आत येत नसत. "तुम्ही या ना," मी एकदा वैतागून म्हटलं. "तिनं बोलावलं का?" ते म्हणाले, आणि बी पसरू लागले.

एका रविवारी काकू बहिणीकडे गेल्या होत्या, आणि त्या नसताना मशीन वाजलं. बराच वेळ वाजत राहिलं. काका आत गेले आणि त्यांनी उचललं. पुढचं मला वैशालीने सांगितलं. ती म्हणाली, "चेहरा दिसत नव्हता, आई असेल म्हणून मी बोलत होते. मग बाबांचा आवाज आला. मी बंदच करणार होते. मग ते म्हणाले, 'वैशू, फोन ठेवू नको. तुह्या मनात काय होतं ते सांग मले. मी ऐकतो.' मग मी सांगितलं. सगळं. शिव्याही दिल्या. ते मधे एक शब्द बोलले नाहीत."

पुढे तिने पुण्यातला एक मुलगा आपणच पसंत केला. काकांनी ना न्हाव्याला विचारलं, ना प्रोफेसरला, ना मला. पत्रिका घेऊन आले, टेबलावर ठेवली आणि चहा प्यायले. खोटं कशाला बोलू, मला विचारलं नाही म्हणून मी दोन दिवस फुगून होतो.

काका गेले ते जानेफळच्या शेतात, भर दुपारी, बांधावर टेकलेल्या अवस्थेत. काही कोणाला त्रास नाही.

तेराव्यानंतर वैशाली दुकानात आली. बाबांचा फोटो मोठा करून हवा, म्हणाली. माझ्याकडे तिच्या लग्नातले, पाहुण्यांतले पुष्कळ होते, ते दाखवू लागलो. "ते नको," ती म्हणाली, आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. बाबांशी पहिल्यांदा बोलली त्या रविवारी तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. काकांना वाटलं होतं, आवाज कॅमेऱ्यातून येतो, म्हणून ते कॅमेऱ्याला अगदी चिकटून बसले होते.

मी फोटो उघडला. चेहरा नव्हताच. पडदाभर नुसता एक कान होता, त्यावरचे पांढरे केस, आणि पाळीला चिकटलेलं कांद्याचं एक बी.

"हाच," ती म्हणाली. "कापू नका कुठे."