बर्फ बघायला जायचं, तर मागं कोण?

आमच्याकडं कुणालाही सांगा की जानेवारीत बर्फ बघायला चाललोय, समोरचा आधी तुमच्या तोंडाकडं बघतो आणि मग घरात सगळं ठीक आहे ना, असं विचारतो. डेअरीवर दूध घालायला आलेले एक आप्पा तर मला सरळच म्हणाले, "पैसं दिऊन गारठा खायला चाललाय व्हय? मग रातचं आमच्या उसाला पाणी द्यायला या की. फुकाट हाय." सगळी डेअरी हसली. मीही हसले. त्या दिवसांत मी इतक्या जणांवर चिडले होते की आप्पांच्या वाट्याला राग उरलाच नव्हता.

सुरुवात माझ्या सासूबाईंच्या एका वाक्यानं झाली. त्यांना मी आत्या म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक त्यांच्याशेजारी बसून मोबाइलवर मनालीच्या बर्फाचे व्हिडिओ बघत होती आणि आत्या लसूण सोलत होत्या. सोलता सोलता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हाताला कसं लागतं गं त्ये? कापसावानी का मिठावानी?"

"मला काय माहीत, आजी? मी तरी कुठं बघितलंय?" लेक म्हणाली.

आत्यांनी परत लसूण हातात घेतला, पण मघाशी सोललेलीच पाकळी त्या पुन्हा सोलायला लागल्या. ते मी बघितलं आणि ठरवून टाकलं, ह्या बाईला बर्फ दाखवायचा.

कारण ह्या बाईनं काही म्हणता काही बघितलेलं नाही. घरात चार गाई, आणि गाईंना रविवार नसतो. सकाळी धार, संध्याकाळी धार. लग्न असो, जत्रा असो, देवदर्शन असो, मागं कोण राहणार हा प्रश्न निघायच्या आतच आत्या म्हणणार, "मी हाय की." सासरे होते तेव्हाही हेच, ते गेल्यावरही हेच. सख्ख्या भाच्याच्या लग्नात अक्षता पडल्याबरोबर त्यांनी एसटी धरली आणि संध्याकाळच्या धारेला घरी हजर. लग्नाचं जेवण आम्ही त्यांना डब्यातून आणलं. आमच्या वस्तीवरच्या घराला बाहेरून कुलूप लावायला कडीच नाही. कधी लागलीच नाही.

नवरा म्हणाला, "जाऊ की." हे त्याचं सगळ्या गोष्टींना उत्तर आहे. एकदा जाऊ की म्हटलं, की त्याचं काम संपलं. दौंडवरून दिल्लीच्या गाडीची तिकिटं मी काढली, पुढची बस मी ठरवली, हॉटेलवाल्याशी हिंदीत भांडले मी. मी शिकवते त्या शाळेत रजा मागायला गेले तर मुख्याध्यापक घाबरून म्हणाले, "कोण आजारी आहे?" कुणी आजारी नाही, बर्फ बघायला चाललोय, असं सांगताना माझीच मला लाज वाटली.

कपड्यांची तर वेगळीच तऱ्हा. यवतच्या दुकानदारानं बर्फाचं म्हणून जे जाकीट काढलं, ते मोटारसायकलवर घालायचं होतं.

"ह्याला वारं लागत न्हाई, ताई."

"वाऱ्याचं नाही हो, बर्फाचं विचारतेय."

"बर्फ बी लागत न्हाई."

जसा काही हा रोज बर्फात दुकान मांडतो! तिकडं नवरा शिरूरहून कामावरून येताना चार जोड गमबूट घेऊन आला, उसाला पाणी देताना पायात घालतात तसले. मी डोक्याला हात लावला, तर म्हणाला, "बर्फ म्हंजी शेवटी पाणीच ना?" अखेर आतून लोकर असलेले बूट मी मोबाइलवरून मागवले. कुरिअरवाला वस्तीपर्यंत येत नाही. तो खोकं डेअरीत टाकून गेला, आणि आमच्या आधी आमच्या निम्म्या गावानं, मांडवगणनं, ते बूट घालून बघितले.

हे सगळं परवडलं, पण आत्या परवडल्या नाहीत. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांचीच रोज एक नवी सबब.

"मला गाडी लागती." गोळ्या आणल्या.

"तिकडचं जेवाण मला चालायचं न्हाई." दशम्या आणि चटणी न्यायचं ठरलं.

"लुगडं वल्लं व्हईल." आतून घालायची उबदार पँट आणली, तर ती दोन बोटांत धरून म्हणाल्या, "ह्या वयात इजार घालू व्हय?"

"अहो आत्या, लुगड्याच्या आत कोण बघतंय?"

"मला तर कळंल की."

आणि ह्या सगळ्यांवर हुकमाचं पान म्हणजे तांबडी गाय. "तिला दुसऱ्याचा हात चालत न्हाई. पान्हा चोरती." ही मात्र सबब नव्हती, खरंच होतं. परका माणूस खाली बसला की तांबडी थेंबभर दूध देत नाही, वर लाथ देते. म्हणून शेजारच्या वस्तीवरच्या चुलत दिरांना मी आधीपासूनच बोलावून घेतलं. बिचारे रोज संध्याकाळी यायचे, तिला गूळ चारायचे, लाथ खायचे आणि परत बसायचे. एके दिवशी तांबडीनं त्यांना अर्धी चरवी दूध दिलं. मी पेढे वाटायचीच बाकी होते. त्यानंतर आत्यांच्या सबबी थांबल्या. मला वाटलं, जिंकलं.

निघायच्या आठवड्यात दीर आले ते टोपी हातात घेऊनच. त्यांच्या उसाला कारखान्याची तोड आली होती. ज्याचा ऊस आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तोडणी करणाऱ्यांची टोळी दारात आली की तिला पुढच्या आठवड्यात या म्हणता येत नाही. गेली तर गेली, मग वाळत्या उसाकडं बघत बसायचं. "वैनी, टोळी उद्या फडात उतरतीया," दीर म्हणाले. "मला काय आता धारा जमायच्या न्हाईत." त्यांची काही चूक नव्हती, त्यामुळं मला जास्तच राग आला. चूक असती तर निदान ओरडता आलं असतं.

ते गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. लेक मोबाइलमध्ये, नवरा ताटाकडं बघत. आत्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मी हाय की."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला ते बघवेना. "बघ, आईच म्हणतीय," तो म्हणाला आणि त्यानं भाजी वाढून घेतली. मी ताटावरून उठले. राग त्याचा आला होताच, पण त्याहून जास्त आत्यांचा आला. ह्या बाईसाठी मी दिवाळीपासून जगाशी भांडतेय आणि हिचं वाक्य तोंडात तयारच!

सकाळी मी गोठ्यात गेले, ती त्यांना चार शब्द सुनवायचेच म्हणून. आत्या तांबडीखाली बसल्या होत्या. पायात नवे बूट. लोकरीच्या कडेपर्यंत शेण.

माझं डोकंच फिरलं. "आत्या! बर्फातले बूट गोठ्यात? नसेल यायचं तर नका येऊ, पण म्हणून नव्या बुटांची ही दशा?"

त्या दचकल्या. भरलेली चरवी बाजूला ठेवून उठल्या आणि पायांकडं बघत म्हणाल्या, "रोजच घालती. तुझा दीर धारंला यायला लागला तवापासनं."

"कशाला पण?"

"सवय नगं व्हय? जल्मात चप्पल सोडून काय घातलंय? तिथं घसरून पडले म्हंजी तुमचा समद्यांचा खोळंबा."

शेजारची दुसरी गाय तिच्या धारेची वाट बघत हंबरत होती. "मग काल असं का म्हणालात? मी हाय की म्हणून?"

आत्या तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "कुणी थांब म्हणायच्या आत आपनच म्हणावं," त्या म्हणाल्या. "म्हंजी मग वाईट वाटत न्हाई."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. तेवढ्यात नवरा तोंडात ब्रश घेऊन गोठ्याच्या दारात आला. किती ऐकलं होतं कोण जाणे. मी त्याला म्हणाले, "तुम्ही थांबायचं मागं. लग्नाच्या आधी तांबडीच्या आईची धार तुम्हीच काढत होता ना? तुमचं तिकीट मी रद्द करते."

त्यानं ब्रश बाहेर काढला. "आगं पण मी साहेबाकडं रजा टाकलीय!"

"मग बरंच झालं. घरीच आहात."

आमच्या घरात कुणी कुणाला तू थांब असं कधी म्हटलेलं नाही. तशी वेळच येत नसे. नवऱ्याला वाटलं आत्ताही येणार नाही. तो माझ्याकडं बघेना, त्याच्या आईकडं बघायला लागला. मीही बघायला लागले. मला भीती वाटत होती, कारण 'मी हाय की' हे शब्द त्यांच्या तोंडात कायमचे बसलेले होते आणि ते बाहेर यायला किती वेळ लागतो, हे मला माहीत होतं.

आत्यांनी खाली वाकून एक काडी उचलली. दावणीच्या कट्ट्यावर टेकल्या आणि बुटाच्या कडेचं शेण खरवडायला लागल्या. एक बूट झाला, मग दुसरा घेतला. मान वर केली नाही. बोलल्याही नाहीत.

नवऱ्यानं ब्रश खिशात खुपसला. मग त्यानं रिकामी चरवी घेतली आणि हंबरणाऱ्या गाईखाली जाऊन बसला.