अंधार आहे, म्हणजे आत कोणी नाही

फोन सुखदेवभाऊंच्या मुलीचा होता. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. "बाई, बाबा अजून घरी आले नाईत. तिथीच आहेत का?" मी कणीक मळत होते, फोन खांद्यात धरून म्हणाले, "अगं, ग्रंथालय तर मीच बंद करून आले. सगळ्या खोल्यांत अंधार होता. गोंडपिपरीले गेले असतील, तुझ्या आत्याकडे." इतकं बिनधास्त बोलले मी... दीड महिना झाला, माझंच ते बोलणं मला अजून ऐकू येतं.

सुखदेवभाऊ आमच्या विद्यापीठाचे वायरमन. खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल आणि तोंडाने फटकळ. वीज वाचवायची म्हणून ट्यूबलाइट काढून एलईडी बसवायचं ठरलं, तेव्हा ग्रंथपाल म्हणून समितीवर मी होते. माणूस आला की आपोआप लागणारे आणि हालचाल थांबली की विझणारे दिवे हवेत, अगदी सामानाच्या कोठीतसुद्धा, हा हट्ट माझाच. वाचनकक्षात शिडीवर उभे राहून भाऊ म्हणाले, "बाई, वाचनारा मानूस हालत नाई. त्याले काऊन अंधारात बसवून राह्यल्या? हा दिवा हालचाल पाह्यते, मानूस नाई पाहत." मी हसले. "भाऊ, तुम्ही ट्यूबलाइटच्याच जमान्यात राहा," म्हटलं. पुढे तसंच झालं. पोरं वाचनात गुंगली की दिवे जायचे, मग कोणीतरी पुस्तकातून मान न काढता हात उंच करायचं आणि उजेड यायचा. ही रीत पोरांना भाऊंनीच शिकवली. मला चिडवायचे, "विहारात ध्यानाले बसतो तसा मी इथी बसलो, तं तुमचा दिवा म्हनंन, सुखदेव घरी गेला!"

संध्याकाळी कुलपं लावायची सोपी पद्धतही मीच घालून दिली होती. दारातून पाहायचं, अंधार असला की आत कोणी नाही. त्या दिवशी शिपाई रजेवर, म्हणून मीच निघाले कुलपं लावत. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या कोठीत भाऊ काढलेल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या रचायला गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं. दाराच्या काचेतून पाहिलं, मिट्ट काळोख. कुलूप लावलं आणि बस पकडली.

सकाळी मीच उघडलं. पाऊल टाकताच दिवा लागला. रॅकपाशी भाऊ कुशीवर पडलेले... हार्ट अटॅक. "लगेच गेले का हो?" मी डॉक्टरांना विचारलं. "काही वेळ जिवंत असतील," ते म्हणाले.

कोठीत आता साधं बटण आहे. वाचनकक्षासाठी मी अर्ज दिला, तो समितीपुढे आहे म्हणे. आग लागो त्या समितीला आणि माझ्या शहाणपणाला!

आता रोज मी प्रत्येक अंधाऱ्या खोलीत शिरते, हाक मारते. दिवा लागतो, खोली रिकामी असते. काल वाचनकक्षात मुद्दाम न हलता बसले. दिवे गेले. भाऊंनी सोसलं तेवढं सोसून पाहू म्हटलं... मिनिटभरही जमलं नाही. हात वर केला, उजेड आला. आणि मग एकदम मनात आलं, ही रीत तर भाऊंचीच. त्यांनीही हात उचलला असेल. कोठीतला दिवा लागलाही असेल. तेव्हा मी घरी कणीक मळत होते.