नसीमआपा

नसीमआपा कुठल्याही हॉटेलात शिरल्या की आधी मागचं दार बघून यायच्या, मगच बसायच्या. कुरुळीतल्या माझ्या हॉटेलात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना सरकारी तपासनीस समजलो आणि घाईघाईने आचाऱ्याला टोपी घालायला लावली. त्या निघाल्या विमा एजंट.

मागच्या दारापाशी कांद्याची पोती रचलेली होती. "भाऊ, आग लागली तर गिऱ्हाइकांनी आधी पोती उचलायची का?" एवढं विचारून त्यांनी थाळी मागवली. मी हसलो. आग दुसऱ्यांच्या हॉटेलात लागते, अशी माझी समजूत होती.

तळेगावहून स्कूटरवर त्या येत राहिल्या. विम्याबद्दल कमी आणि चिमणीत साचलेल्या तेलाबद्दलच जास्त बोलायच्या. एकदा वैतागून मी विचारलं, तुम्ही पॉलिसी विकता की भीती? तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचं सांगितलं. शॉर्टसर्किटने ते जळालं, विमा नव्हता.

"मग हे दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागले. त्याचं काही नाही, भाऊ. पण घरातसुद्धा बोलायचे बंद झाले."

मी पॉलिसी काढली, पोती हलवली. चिमणी मात्र दिवाळीनंतर साफ करू म्हटलं. दिवाळी कुठली, ते ठरवलं नव्हतं.

एका दुपारी फोडणीचा जाळ चिमणीतल्या तेलाला लागला. आसपासच्या कंपन्यांची जेवणाची सुट्टी, हॉटेल भरलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला खमंग वास यावा म्हणून भटारखाना पुढच्या दारापाशी मांडण्याची कल्पना माझीच. त्यामुळे ती वाट बंद झाली. आचाऱ्याने गॅस बंद केला आणि सगळी माणसं मागून बाहेर पडली. कुणाला ओरखडाही आला नाही. मीही पळालो. बाहेर आल्यावर कळलं, गल्ला आत ठेवून मी भिंतीवरची तसबीर वाचवली होती: एका नटाबरोबरचा माझा फोटो. त्यात नट अर्धाच आला होता.

भरपाई मागताना कधीचा बंद पडलेला फ्रीजरही जळालेल्या सामानात घालावा, असं माझ्या मनात आलं. आपा म्हणाल्या, "जे आधीच मेलंय, त्याला आता कशाला जाळता?" चिमणीचंही खरं सांगायला लावलं. थोडी रक्कम कापली गेली, पण हॉटेल पुन्हा उभं राहिलं.

पुढे चाकणला हॉटेलवाल्यांच्या बैठकीत मी माझ्या दूरदृष्टीवर भाषण ठोकलं. ऐन रंगात आलो असताना शेवटच्या रांगेत आपा दिसल्या. थांबणं जमेना, म्हणून तसाच रेटून नेलं. नंतर ओशाळून म्हटलं, मला अडवलं का नाही?

"बोला की भाऊ. तुमचं ऐकून चौघांनी जरी दारं मोकळी केली, तरी तुमची दूरदृष्टी मला चालतीय."

आता आपा लेकीकडे सोलापूरला राहतात. मी अजून ते भाषण करतो. त्यात आपांचं नावही घेऊ लागलोय. गंमत म्हणजे, तिथंच टाळ्या जास्त पडतात.