मधोमध बसवलेली नस

सातवीत शाळा सोडलेल्या माझ्या हातात डॉक्टरांनी पुस्तक दिलं, तेव्हा आधी धास्तीच वाटली.

मागावरचा सूत घेऊन पळणारा धोटा उडून नवऱ्याच्या डोळ्याला लागला होता. या म्हाताऱ्या डॉक्टरांनी टाके घालून डोळा वाचवला. मी सावंतवाडीकडची, सोलापुरात नवऱ्याशिवाय माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. मी कारखान्यात चादरींची नक्षी काढते हे कळल्यावर ते म्हणाले, "मग नर्सबायांना शिकवायला या पुस्तकातल्या डोळ्याचं मोठं चित्र काढून द्या की." त्यांचे उपकार फेडायचे तर ते बिनचूकच व्हायला हवं होतं.

पुस्तक विलायती, फार जुनं. डोळा आडवा कापून दाखवलेला, आत कांद्यासारखे पापुद्रे. आठ दिवस मला जेवण जाईना. नवरा म्हणायचा, "डोळाच हाय की, डसतोय व्हय?"

आमची रीत अशी, की अर्धी नक्षी काढायची, कागद दुमडायचा आणि उरलेली अर्धी उमटवून घ्यायची. डोळाही मी तसाच काढला. मागची जाड नस मात्र पुस्तकात नाकाच्या अंगाला सरकलेली. छपाईत हललं असणार, असं समजून मी ती फुलाच्या देठासारखी मधोमध बसवली.

डॉक्टरांनी चित्र भिंतीला लावलं. मग मागच्या नसेवर बोट ठेवलं.

"बाई, चादरीसारखी डोळ्याची घडी घातलीत काय? ही नस खरीच नाकाकडं असते."

नर्सबाया हसल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग डॉक्टरांनी पुस्तकातलं पहिलं चित्र उघडलं, शेकडो वर्षांपूर्वीचं. डोळ्यातलं भिंग बरोब्बर गोळ्याच्या मध्यावर.

"हे काढणाराही तुमच्यासारखाच. भिंग असतं पुढं, यानं ठेवलं मधे. नीटनेटकं दिसतं ना."

"आणि हे बघून शिकलेले लोक डोळे कापायचे?"

"कापायचे की."

त्या 'की'नंतर मी उठून भिंतीशी गेले. चित्र मी स्वतःच उतरवलं. दुसरं काढलं ते एकदाही न दुमडता, रेघ न् रेघ पुस्तकावरून मोजून. तरी देताना पुन्हा तपासायला तीनदा परत मागून घेतलं.

पुढं नवरा डोळा दाखवायला आला, तेव्हा त्या चित्रासमोर थांबला. "माजं कुटं लागलं हुतं गं?"

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर मी बोट ठेवलं. "इथं."

तो बघत राहिला. मी बोट काढलं आणि उगाच एकदा मागच्या नसेकडं पाहून घेतलं. नाकाच्या अंगालाच होती.