तुळजाचं बोट

कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दाखवलं की तो कुजतो, हे आमच्या शेलार गावात पोरांना शाळेच्या आधी शिकवतात. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवायचं. माझी शेजारीण तुळजा चौऱ्याहत्तरच्या श्रावणात तिथंच चुकली. गोठ्यावरच्या वेलाला पहिला भोपळा दिसला आणि तिनं हरखून सरळ बोट केलं. दोन-चार दिवसांत तो पिवळा पडून गळला. मग दुसरा गळला, मग तिसरा.

"तुझ्या बोटालाच इख हाय," तिची सासू आनंदीबाई म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हतंच. पण तुळजाला तिसरा महिना होता, आणि गेल्या वर्षीचं पोर पोटातच गेलं होतं.

"वयनी, भोपळं ऱ्हात न्हायत, मंग माझ्या पोटातलं कसं ऱ्हाईल?" ती माझ्याकडे येऊन रडली. त्या दिवसापासून ती मूठ आवळूनच वावरायची, स्वतःच्या पोटावर हात ठेवायलाही भ्यायची. तिला धीर दिला खरा, पण भीती मलाही वाटत होती.

खरी गोष्ट वेगळीच होती, ती मला पुढच्या उन्हाळ्यात ग्रामसेवकांनी सांगितली. भोपळ्याला दोन जातींची फुलं येतात. लांब देठाचं नुसतं फूल ते नर, बुडाशी इवलासा भोपळा असतो ती मादी. सकाळी मधमाशी नराची पिवळी पूड मादीला नेऊन देते, तेव्हा आत बी धरतं, आणि बी धरलं तरच भोपळा टिकतो. तुळजाचा नवरा लडकू भिवंडीत लूमवर सकाळच्या शिफ्टला जायचा. त्याच्या डब्यात भजी हवीत म्हणून आनंदीबाई उजाडायच्या आत नरफुलं खुडायची. माशी यायच्या आधीच नवरे कढईत!

तिसरा भोपळा गळला त्याच सुमारास तुळजाला तळणाचा वास सोसेना. कढई चढली की ती ओकायची.

"आजपासून चटणी-भाकर ने," आनंदीबाई लेकावर करवादली. फुलं वेलावरच राहिली आणि आठवड्यात एक भोपळा धरला. तुळजा तिकडे बघतसुद्धा नव्हती. मूठ पदरात घेऊन ती भिंतीकडेनं जायची.

माघात मुलगी झाली, कमळ. उन्हाळ्यात मी तुळजाला माशीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण मूठ काही सुटली नाही.

त्याच भोपळ्याच्या बिया जेठात पेरल्या. श्रावणात कमळला कडेवर घेऊन तुळजा वेलाखाली थांबली. वर मुठीएवढा भोपळा होता.

"बोट मुडप गं!" आनंदीबाई आतून ओरडली.

तुळजानं मूठ सोडली. तिनं बोट सरळ केलं आणि लेकीला म्हणाली, "बघ कमळ, भोपळा."