इतर सगळं तसंच राहिलं तर

रोज सकाळी सायकल काढण्याआधी बूलेन्सबाई दारात उभ्या राहून आकाशाकडे बघत आणि मोठ्याने सांगत, "दहापर्यंत पाऊस नाही." मग रेनकोट घरीच. नेदरलँड्समधल्या या ग्रोनिंगेनचं आकाश कुणाचं ऐकत नाही. भिजून विद्यापीठातल्या विभागात पोचल्या की त्यांचे सहकारी कूर्ट विचारत, "आज दोष वाऱ्याला द्यायचा की ढगाला?"

"मला," बाई केस पुसत म्हणत. "आधी बोलले होते ना."

मी त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते. त्या अर्थशास्त्राच्या मुलांना विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवत. सगळं शिकवणं एका प्रश्नात मावे: काय दिसलं तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल? ते आधी सांगा, नंतर नाही.

त्यांचा स्वतःचाही एक सिद्धान्त होता, उमेदीच्या वर्षांपासून जपलेला. इथे कामाला लागलेल्या तरुण पोरांचं किमान वेतन वयाप्रमाणे ठरतं. ते वाढलं की दुकानं पोरांना कामावर घेणं कमी करतात, असं त्या म्हणत. हार्मेन डाइकेमा या विद्यार्थ्याने पीएचडीच्या प्रबंधासाठी वेतनवाढीआधीची आणि नंतरची दुकानं तपासली. पोरं तितकीच होती. आणि त्याच्या परीक्षकांत बाई होत्या.

तोंडी परीक्षा भरसभेत होते. वेळ संपली की विद्यापीठाचा दंडधारी आत येऊन काठी आपटतो. मग बोलणं अर्ध्या वाक्यात असलं तरी थांबतं.

हार्मेनच्या परीक्षेत शेवटी बाई बोलल्या. "इतर सगळं तसंच राहिलं तर, असं मी म्हटलं होतं. त्या वर्षी ते तसं राहिलं नाही."

हार्मेनने पाण्याचा घोट घेतला. "विद्वान परीक्षक, नेमकं काय बदललं? आणि ते बदललं तर सिद्धान्त लागू होणार नाही, असं आपण आधी कुठे सांगितलं होतं?"

"घ्या, बाईंचाच चाबूक बाईंवर," माझ्या शेजारी कूर्ट पुटपुटले.

बाहेर पावलं वाजली. बाई आणखी थोडं गप्प बसल्या असत्या, तर काठीने त्यांना सोडवलं असतं. कुणी नावंही ठेवली नसती. दार उघडू लागलं.

"नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझा सिद्धान्त इथे चुकला."

काठी आपटली.

हार्मेनला पदवी मिळाली. त्या संध्याकाळी बाई दिवा न लावता बसल्या होत्या. समोरचा चहा निवला.

रविवारी त्या झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी जिन्यात भेटल्या होत्या.

"मंगळवारी वर्गात माझ्या सिद्धान्ताऐवजी हार्मेनचं काम शिकवणार आहे. तुझी प्रोजेक्टरची वायर देशील का गं? विभागातली कुणीतरी लांबवली."